ओटिलीचा जाळलेला फोटो

तर ओटिलीने म्युझियममधल्या त्या काचेवर मूठ आपटली, काल इथवर आलो होतो. काच जाड होती, फुटली नाही. पण दणका असा बसला की शेजारच्या खोलीत चरखा बघत उभे असलेले शिकागोचे पाहुणे धावत आले. त्यांना वाटलं, हाही दाखवायच्या कार्यक्रमातलाच भाग असेल. एका बाईने तर कॅमेरा डोळ्याला लावला.

"खाली करा ते!" ओटिली ओरडली. "आमच्यात फोटो काढणं पाप असतं. माहीत नाही का तुम्हाला? विचारा यांना, ज्यांनी भिंतभर लावलेत त्यांना!"

मी मागे टोपी हातात घेऊन उभा होतो. लोक म्हणतात, गॉटलीब, तू तिला आवरायला हवं होतंस. मी कशाला आवरू? अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे गेलेले, डोक्यावर ती जुनी काळी टोपी हनुवटीखाली गच्च बांधलेली, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरची भांडी वाजावीत. उभ्या जन्मात तिला मी इतकी शोभून दिसताना पाहिली नव्हती.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

ओटिली आणि मी एका वर्गातले. लिंडेनटालच्या, म्हणजे आमच्या गावच्या शाळेत सकाळी पुस्तक आणि दुपारी विणकाम, मुलगे-मुली दोघांनाही. माझा मोजा टाचेशी आला की हमखास बिघडायचा. ती बाकाखालून माझं विणकाम ओढून घ्यायची, टाच वळवून परत द्यायची. मास्तर मोजा हातात घेऊन म्हणायचे, "शाबास गॉटलीब!" आणि ही फिस्सकन हसायची. त्या हसण्यापायी कोपऱ्यात ती उभी राहायची, शाबासकी माझी. तिचा धाकटा भाऊ वेंडेल खालच्या वर्गात. आई-बाप दोघंही एका हिवाळ्यात तापाने गेलेले. पण त्यांना कधी कोणी पोरकं म्हटलं नाही, कारण गावात उपाशी-उघडं कोणी नसायचंच. हे मी मुद्दाम सांगतो. पुढे मी रागाने बोलणार आहे, तेव्हा हा म्हातारा चांगलं विसरला असं कोणी म्हणू नये.

आमचं गाव एका धर्मपंथाचं, त्या काळी आमच्या कोणाच्या घरात चूल नव्हती. आळीआळीला एक मोठं स्वयंपाकघर, तिथे सगळ्यांनी जेवायचं. पुरुष एका टेबलाला, बायका दुसऱ्या, आणि जेवताना तोंडातून शब्द नाही. शेत सगळ्यांचं, गिरणी सगळ्यांची, गुरं सगळ्यांची. अंगातला कोटसुद्धा माझा आहे असं म्हणायचं नाही, मी वापरतो आहे असं म्हणायचं. शाळा सुटल्यावर ओटिलीला वरच्या आळीच्या स्वयंपाकघरात लावलं. बटाटे सोलणं, पातेली घासणं, आणि दुपारी स्टेशनावर माल चढवणाऱ्या आपल्या माणसांना टोपलीतून खाणं पोचवणं.

त्या स्टेशनावर एका उन्हाळ्यात एक फिरता फोटोवाला उतरला. त्याची गाडी चुकली होती, भूक लागली होती, आणि ओटिलीच्या टोपलीत, नॅपकिनमध्ये बांधलेला, रुबार्बच्या आंबट देठांचा केक होता. तो तिच्या स्वतःच्या वाट्याचा तुकडा. दुपारी न खाता तिने तो ठेवून दिला होता. फोटोवाल्याने वास घेतला आणि म्हणाला, "पोरी, मला तो दे, मी तुझा फोटो काढतो." वेंडेल टोपलीचा दुसरा कान धरून आलेला होताच. दोघं मालाच्या पोत्यांपुढे उभी राहिली. फोटोवाला म्हणाला, हलू नका. ओटिली हलली नाही. वेंडेलचा चेहरा स्थिर राहिला, पण हात कसला राहतोय! फोटोत त्याचा उजवा हात म्हणजे नुसता पांढरा धूर. आठवड्याभराने पोस्टाच्या थैलीतून फोटो आला. मी पाहिला आहे तो. तिने फक्त मला दाखवला होता, प्रार्थनाघराच्या मागे, ॲप्रनखालून काढून. वेंडेलचे कान बाहेर आलेले, पुढचा दात अर्धा तुटलेला, आणि हसणं असं की बघणाऱ्यालाही हसू फुटावं.

कोणी तिला पकडलं नाही, हे लक्षात ठेवा. आमच्यात वर्षातून एकदा थोरले बंधू, म्हणजे पंथाचे प्रमुख, एकेकाला समोर बसवून मनातलं सांगायला लावत; विचारपूस म्हणायचे त्याला. बाहेरच्या जगात माणूस अशा वेळी गप्प बसेल. आम्हाला गप्प बसायला शिकवलंच नव्हतं. थोरले बंधू युस्टुस यांनी विचारलं, "मनावर काही ओझं?" आणि या वेड्या मुलीने सांगितलं. फोटो काढला, बघायला आवडतो, रोज बघते. युस्टुस म्हणाले, आण. तिने आणून दिला. मग रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून तिला माफी मागावी लागली आणि पुढच्या वर्षीच्या विचारपुशीपर्यंत प्रार्थनेला सगळ्यात पुढच्या बाकावर, लहान पोरांत बसायची शिक्षा झाली. पंधरा वर्षांची मुलगी, चार वर्षांच्या पोरांच्या रांगेत. पोरांच्या बाकांवर मुलगे-मुली एकत्र, म्हणून वेंडेल तिच्या मागच्याच बाकावर. पाठीत बोट टोचून म्हणायचा, "सरळ बस गं बाळा."

मार्चमध्ये गिरणीच्या कालव्यावरचा बर्फ पातळ झाला आणि वेंडेल त्यात गेला.

आमच्या दफनभूमीत घराणी नसतात. जो ज्या क्रमाने जातो त्या क्रमाने त्याची जागा, आणि सगळ्यांना एकसारखा बुटका पांढरा दगड. वेंडेलच्या एका बाजूला म्हातारा चांभार, दुसऱ्या बाजूला कोणाचं तरी दहा दिवसांचं बाळ. आई-बाप कुठे दूर पलीकडच्या रांगेत. पुरल्यानंतर ओटिली थेट युस्टुसांच्या दारात गेली. मी तिच्यासोबत होतो. ती म्हणाली, "बंधू, फोटो परत नको मला. एकदा फक्त बघू द्या. इथेच उभी राहून बघते."

युस्टुस म्हणाले, "तो तर जाळला, ओटिली. तुझ्याच भल्यासाठी."

ती "बरं" म्हणाली. बरं! अजून तो शब्द माझ्या कानात सलतो.

पुढचं आयुष्य तिचं सगळ्यांसारखंच. वीस-बावीस वर्षं त्याच स्वयंपाकघरात, शेवटी तिथली मुख्य बाई. मग एकोणीसशे बत्तीस साली गावाने मतं देऊन सामायिक कारभार मोडला. ज्याचं घर त्याला, ज्याची चूल त्याला. ओटिलीने आणि तिच्या नवऱ्याने, आमच्या सुतार लोरेंझने, घरात पहिल्यांदा चूल पेटवली आणि ओटिलीने सवयीने चाळीस माणसांचं सूप रांधलं. लोरेंझ दारात उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारतोय, "या हो, या, नाहीतर हे मला आठवडाभर खावं लागेल!" लहान पातेलं तिला शेवटपर्यंत जमलं नाही. मूल झालं नाही, लोरेंझ गेला, सूप तेवढंच राहिलं. आळीतल्या म्हाताऱ्यांची आम्हा सगळ्यांची सोय झाली.

एकदाच ती मला म्हणाली होती, कोबी चिरता चिरता, "गॉटलीब, वेंडेलचा आवाज आठवतो रे. तोंड नाही आठवत. कान आठवतात, पण कान कशावर लावू?" मी पुढचा कोबी तिच्याकडे सरकवला.

तर आता म्युझियम. वरच्या आळीचं स्वयंपाकघर बंद पडून धूळ खात होतं. ते साफ करून म्युझियम काढलं ते युस्टुसांच्या नातवाने, आर्नोने. शहरातलं विम्याचं काम सोडून परत आलेला, दाढी राखलेला, स्वभावाने गोड. गोड माणसांचा मला भारी राग येतो, कारण त्यांच्यावर रागावता येत नाही. उघडायच्या आदल्या शनिवारी गावातल्या म्हाताऱ्यांना फुकट बोलावलं. आम्ही दोघं उशिराच, दुसऱ्या शनिवारी गेलो. फुकटाची मुदत संपली होती, पण आर्नोने दारातूनच हात हलवला, "ओटिली मावशी, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे! तुम्ही तर आमचा इतिहास!"

"मी अजून जिवंत आहे," ओटिली म्हणाली.

खाली चूल पाहिली. तिने वाकून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "मेलेल्या माणसाचे केस विंचरल्यासारखी दिसते." टेबलावर मेणाचे पाव मांडले होते. तिने त्यातला एक उचलून मला हुंगायला दिला. तोवर आम्ही मजेत होतो, हसत होतो. मग वरच्या खोलीत गेलो.

भिंतीवर माणसाच्या उंचीएवढा फोटो. मालाची पोती, टोपली, दोन पोरं. एका पोराचा हात म्हणजे पांढरा धूर. आणि खाली काचेच्या पेटीत तोच फोटो, तळहाताएवढा, खरा. त्याखाली लिहिलेलं: 'लिंडेनटालची आनंदी मुलं. नावं अज्ञात.'

ओटिली आधी ओरडली नाही. तिने काचेवर बोट ठेवलं, वेंडेलच्या कानाजवळ, आणि बोट हळूहळू त्याच्या तोंडावर आणलं. "हं," एवढंच म्हणाली. मग तिने चष्मा लावून खालची ओळ वाचली. पुन्हा वाचली. आणि मग ती मूठ.

आर्नो जिन्याने धापा टाकत वर आला. "काय झालं मावशी? बसता का? पाणी आणू?"

"नावं अज्ञात?" ओटिली म्हणाली. "मी इथे उभी आहे ना! विचारायला काय झालं होतं? हे कुठून आणलंस?"

"आजोबांच्या माळ्यावर एक लाकडी पेटी मिळाली. त्यात होता. आजोबांनी किती जपून ठेवला होता बघा!"

"जपून?" ती म्हणाली. "कोणापासून?"

मग तिने सांगितलं, शिकागोच्या पाहुण्यांदेखत, सगळं. केक, पोती, विचारपूस, पुढचं बाक, कालवा, दारातलं ते "जाळला". आमची घरची भाषा सोडून इंग्रजीत सांगितलं, पाहुण्यांना कळावं म्हणून. त्या कॅमेऱ्यावाल्या बाईने कॅमेरा पर्समध्ये टाकला. आर्नोची दाढी खाली-वर होत होती.

"काच उघड," ओटिली म्हणाली.

"मावशी, माझ्या एकट्याच्या हातात नाही. समिती आहे. मी बोलतो त्यांच्याशी."

"साठ वर्षांपूर्वी समिती नव्हती. तुझ्या आजोबांच्या एकट्याच्या हातात होतं. तेव्हा बरं जमलं."

खाली येताना गल्ल्याशी थांबलो, तर तिथे तारेच्या फिरत्या खांबावर पोस्टकार्डं लावलेली. तोच फोटो. ज्याच्यासाठी तिला चार वर्षांच्या पोरांत बसवलं, तो आता आइस्क्रीमच्या भावात विकायला! खरं सांगतो, मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, बरं झालं मी म्हातारा आहे. तरुण असतो तर खांब उचलून नदीत टाकला असता.

दोन दिवसांनी आर्नो ओटिलीच्या घरी आला. मी सूप प्यायला बसलोच होतो. त्याच्या हातात पोस्टकार्डांचा एक गठ्ठा, रिबिनीने बांधलेला. म्हणाला, "समितीकडून भेट. आणि तिथे तुमचं दोघांचं नाव लिहितो आम्ही, मोठ्या अक्षरात. आणि तुम्ही वाटेल तेव्हा या, तिकीट नाही."

"आणि फोटो?"

आर्नोने टेबलावरचा चमचा सरळ केला. "मावशी, समितीचं म्हणणं असं, की त्या काळी खाजगी असं काही नव्हतं. रुबार्ब गावच्या बागेतला, पीठ गावच्या गिरणीचं, साखर गावच्या दुकानातली. केक सगळ्यांचा. त्या केकच्या बदल्यात आलेला फोटो, म्हणजे तोही सगळ्यांचाच. तुम्हीच सांगा, तुम्ही स्वतः त्या पद्धतीत वाढलात..."

"मी वाढले," ओटिली म्हणाली. "तू नाही वाढलास. तू जन्मलास तेव्हा तुझ्या बापाकडे स्वतःची मोटार होती."

मी म्हणालो, "आर्नो, मग तुझं घरही सगळ्यांचं का? मी आज तिकडे झोपायला येतो."

"तू गप्प बस, गॉटलीब, सूप गार होतंय," ओटिली म्हणाली. ती उठली, तो गठ्ठा उचलला, आणि चुलीचं लोखंडी झाकण सरकवलं. आतला जाळ तिच्या तोंडावर आला. आर्नो खुर्चीतून अर्धा उठला. ती गठ्ठा धरून तशीच उभी. वरच्याच कार्डावर वेंडेल हसत होता. मग तिने झाकण लावलं आणि गठ्ठा आर्नोच्या छातीवर टेकवला.

"नाही जमत," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांनाही जमलं नाही. तेवढी एक गोष्ट त्यांची मला आज समजली. बाकी एकही समजली नाही. नाही जमलं तर सांगायचं होतं ना! वेंडेलला पुरलं त्या दिवशी मी दारात उभी होते. आत पेटीत फोटो होता, आणि बाहेर मी. दोन पावलं. जा आता."

आर्नो गेला. गठ्ठा टेबलावरच ठेवून गेला. त्याची मोटार सुरू व्हायच्या आत मी तो उचलून तिच्यात नेऊन टाकला, म्हणजे जरा जोरानेच टाकला.

रविवारी प्रार्थनाघर. अजूनही बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. आता आम्ही थोडेच उरलोत, बाकं मोकळी दिसतात. वाचन झालं, बंधू हेरमानने पुस्तक मिटलं. हेरमान आमच्या सगळ्यांपेक्षा मोठा, काठीशिवाय उभं राहता येत नाही, पण थोरला बंधू तोच. निघायच्या आधी थोडी शांतता असते. त्या शांततेत ओटिली उभी राहिली.

आमच्यात बाईने असं उठून बोलायची रीत नाही. एकच वेळ असते, चुकीची माफी मागायची. म्हणून सगळ्यांना वाटलं, ही माफी मागणार. बहुतेक काचेवर मूठ मारल्याची. आर्नोच्या चेहऱ्यावर तर मला चक्क दिलासा दिसला.

"बंधू हेरमान," ओटिली म्हणाली, "मी एकदा इथेच उभी राहिले होते. तू तेव्हा त्या खिडकीपाशी बसला होतास. आठवतं?"

"आठवतं," हेरमान म्हणाला.

"तर आज मला विचारायचं आहे. या पोराची समिती म्हणते, केक सगळ्यांचा होता म्हणून फोटो सगळ्यांचा. तू सांग. तू सगळ्यांत जुना."

हेरमानने काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. मग म्हणाला, "केक ताटातला होता की परातीतला?"

"ताटातला. माझ्या वाट्याचा. मी खाल्ला नव्हता."

"परात सगळ्यांची," हेरमान म्हणाला. "शेत सगळ्यांचं. चमचासुद्धा सगळ्यांचा. पण एकदा ताटात वाढलं की ते खाणाऱ्याचं. माझ्या हयातीत मी कोणाला दुसऱ्याच्या ताटात हात घालताना पाहिलं नाही. तसं केलं असतं तर आम्ही सगळे उपाशीच उठलो असतो. आर्नो, तुला कोणी सांगितलं नाही का हे?"

बाकांवरून हं, हं असा आवाज फिरला. म्हाताऱ्या बायका टोप्यांसकट माना डोलवत होत्या. आर्नो उभा राहिला, बिचारा, हातातली टोपी चुरगाळत. "पण बंधू, आजोबांनी तो गावाच्या वतीने घेतला होता. सगळ्यांच्या भल्यासाठी..."

"सगळ्यांचं काय होतं आणि काय नव्हतं, ते हेरमानने सांगितलं," ओटिली त्याच्याकडे वळली. "जाळला म्हणून सांगितलं, ते मात्र तुझ्या आजोबांचं एकट्याचं. त्यात माझा वाटा धरू नकोस." आणि ती खाली बसली. माफी मागितली नाही. कोणी मागायलाही सांगितली नाही. बाहेर पडताना बायकांच्या दारात तिच्याभोवती इतकी गर्दी झाली की मला सूप मिळणार की नाही अशी काळजी वाटली.

सोमवारी सकाळी आर्नो आला. कपड्यात गुंडाळलेला फोटो त्याने टेबलावर ठेवला, तिच्यापुढे, ताट वाढल्यासारखा. ओटिलीने कपडा उलगडला. वेंडेलकडे बघून ती शाळेतल्यासारखी फिस्सकन हसली, अशी की मी खिडकीबाहेर पाहू लागलो. पण आर्नोकडे वळली तेव्हा ते हसू आत गेलेलं होतं.

आर्नो तिथून हलेना. शेवटी म्हणाला, "मावशी, तुम्ही रागावला आहात, कळतं मला. पण तिथे आता काचेची पेटी रिकामी दिसते. भिंतीवरचा मोठा फोटोही उतरवला. पाहुणे येणार. त्या जागी काय लावू, एवढं तरी सांगा."

ओटिलीने फोटो ॲप्रनच्या खिशात घातला आणि म्हणाली, "मला काय विचारतोस? माळ्यावर जा, तुझ्या आजोबांची पेटी पुन्हा उघड, आणि त्यात जे जे असेल ते घेऊन दारोदार विचारत फिर. जाळलं म्हणून त्यांनी मला एकटीलाच सांगितलं असेल, असं वाटतं का तुला?"